न आलेल्या प्रणालीबद्दल परभणीची मतं

दीड-दोन वर्षं माझं काम होतं ते माणसांच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसण्याचं, आणि त्याचा पगार मिळायचा. पुढे माणूस, त्याच्यापुढे संगणक, आणि मी त्याच्या उजव्या खांद्यामागे, मांडीवर पुठ्ठा आणि हातात पेन. त्याचं बोट अडखळलं की मी लिहायचे. त्याने मान खाजवली, सुस्कारा सोडला, उगाच चहा मागवला, तरी लिहायचे. माझ्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "सूनबाईची नोकरी सरकारी हाय का खाजगी, मला कळत न्हाई. पण कामाच्या टायमाला बसूनच असती म्हणं."

त्याआधी मी परभणीत टंकलेखनाचे वर्ग चालवत होते. पुण्याच्या एका संस्थेला मराठवाड्यात असं माणूस हवं होतं, ज्याला मराठी कीबोर्ड डोळे मिटून येतो आणि एसटीने फिरायचा कंटाळा नाही. पहिली गोष्ट मला येत होती. दुसरी मी शिकले.

ही संस्था काय करत होती ते आधी सांगते, कारण आजच्या मुलांना त्यात काही विशेष वाटणार नाही. संगणक सुरू केला, की बाकी कुठल्याही कामाआधी त्याच्यात एक कारभारी जागा होतो. फाइल कुठे ठेवायची, छपाईयंत्राला कधी हाक मारायची, कुठली कळ दाबली की काय करायचं, हे सगळं तो बघतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आमची संस्था 'प्रणाली' म्हणायची. त्या काळातले सगळे कारभारी इंग्रजी बोलायचे, तेही तुटक. काळा पडदा, हिरवी अक्षरं आणि चुकलं की इंग्रजीतून एक खेकसणं. पुण्याच्या मुलांनी मराठी बोलणारा कारभारी तयार करायला घेतला होता. तो बाजारात यायला अवकाश होता. त्याआधी तो खऱ्या कचेऱ्यांत चालवून बघायचा, आणि लोकांना काय आवडतं, काय टोचतं, ते मी पुण्याला कळवायचं, असं ठरलं. एक संगणक येलदरीला, एक सोनपेठला, एक झरीला आणि एक खुद्द परभणीत.

मुख्य अभियंता होता अनिरुद्ध, तिशीही न उलटलेला, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. त्याने मला एकच नियम सांगितला. "विचारू नका, बघा." तेव्हा तो मला उद्धट वाटला. पण जिल्ह्यात थोडं फिरल्यावर पटलं. आपल्याकडे कुणाला मत विचारलं, की तो पाहुण्याच्या घरी जेवल्यासारखं उत्तर देतो. "लय चांगलं हाय. नाव ठेवायला जागाच न्हाई." आणि भाजीत मीठ नसतं.

येलदरीला धरणाच्या पायथ्याशी वीजकेंद्र आहे. तिथल्या भांडारात, सुट्या भागांच्या नोंदीसाठी, आमचा संगणक बसवला होता. भांडार सांभाळणारे इंगळे पूर्वी बरीच वर्षं केंद्राच्या नियंत्रण कक्षात होते. अतिशय शांत माणूस. पण संगणकापुढे बसले, की दर थोड्या वेळाने खुर्चीतून अर्धवट उठायचे आणि परत बसायचे. मला वाटलं, मूळव्याधीचा त्रास असेल. बाईमाणसाने कसं विचारायचं? मी पुठ्ठ्यावर नुसतं 'उठतात' असं लिहून ठेवलं. शेवटी त्यांनीच सांगितलं.

"बाई, ते लुकलुकायलंय ना, त्येनं मी बेजार हाय."

पुढचं अक्षर जिथे उमटणार, तिथे पडद्यावर एक जाडजूड चौकोन सतत उघडझाप करायचा. आमच्या मुलांना त्याचा फार अभिमान होता.

"आमच्या कक्षात दिवा लुकलुकला म्हंजी कुठंतरी बिघाड," इंगळे म्हणाले. "सगळी जिंदगी मी लुकलुकतं दिसलं की उठलोय. आता डोक्याला कळायलंय की काई झालेलं न्हाई. अंगाला कोण सांगावं? अंगच उठतंय."

मी ते जसंच्या तसं लिहून पाठवलं. प्रणालीची पुढची, सुधारलेली फ्लॉपी आली तेव्हा चौकोन गेला होता आणि त्याच्या जागी एक स्थिर, बारीक रेघ होती. इंगळे बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसले. उठले नाहीत. परभणी जिल्ह्यातल्या एका माणसाच्या सांगण्यावरून पुण्यातल्या यंत्राने आपली सवय बदलली होती. परतीच्या एसटीत मी एकटीच हसत होते, तेव्हा शेजारच्या बाईने पिशवी जरा पलीकडे ओढून घेतली.

सोनपेठला मात्र प्रकरण चिघळलं. तिथल्या सहकारी संघाचे व्यवस्थापक भानुदासराव. पन्नाशी उलटलेले, पांढरं धोतर, बाजाराच्या दिवशी रस्त्याने निघाले तर अर्धा बाजार रामराम घालणार. ते पहिल्यांदा संगणकापुढे बसले, एक कळ चुकली, आणि पडद्यावर ओळ आली: 'चूक केलीस. पुन्हा कर.'

भानुदासराव सावकाश मागे वळले. मी वाचलं का, ते त्यांना बघायचं होतं. मी छताकडे बघत होते.

"बाई, हे कोणी लिवलं?"

"पुण्याच्या मुलांनी."

"त्यांना कळवा. चूक आमची झाली, कबूल हाय. पण बोलायची काई रीत असती का न्हाई? माझ्या बापानं बी मला शेवटल्या दिवसांत अहो म्हणलंय."

पुण्याहून अनिरुद्धचं पत्र आलं, की यंत्राला लहान-मोठं कळत नाही, आणि आदरार्थी रूपाला अक्षरं जास्त लागतात. मी उलट लिहिलं, की सोनपेठला लहान-मोठं कळतं. मग त्या मुलांनी एकदम दुसरं टोक गाठलं. पुढच्या फ्लॉपीवर तीच चूक झाली, की ओळ यायची: 'कृपया आपण पुनश्च प्रयत्न करण्याची कृपा करावी.' भानुदासरावांनी ती वाचली आणि कानापर्यंत लाल झाले.

"आता टोमणा मारायलंय बगा."

शेवटी आम्ही दोघांनी तिथेच, चहाचा कप मध्ये ठेवून, वाक्य ठरवलं: 'जमलं नाही. पुन्हा करून बघा.' त्यात चूक कुणाची हे येत नाही, हे भानुदासरावांनी दोनदा वाचून पक्कं केलं. मला विचाराल, तर त्या प्रणालीतलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच होतं. आजही बँकेच्या यंत्रासमोर उभी राहिले आणि ते काहीतरी फटकन सांगतं, तेव्हा वाटतं, हे भानुदासरावांकडून तपासून घ्यायला हवं होतं.

झरीला आमचा संगणक पशुखाद्याच्या दुकानात होता. तिथली हकीकत लहान आहे. मेंढरं राखणारी एक धनगर बाई सरकीची पेंड घ्यायला आली. काउंटरवरच्या पोऱ्याने कळा दाबल्या आणि सांगितलं, "मावशी, कंपुटर म्हणतंय पेंड संपली."

बाईने त्या डब्याकडे पाहिलं. तिच्या बाजूला त्याची पाठ होती. वायरी आणि धूळ.

"ते म्हणतंय का तू म्हणायलास? मला काय ठावं? आमाला तर पाठच दावून बसलंय. फिरव इकडं."

त्याने पडदा फिरवला. तिला वाचता येत नव्हतं, ते तिने आधीच सांगितलं होतं. तरी तिने वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं आणि म्हणाली, "हां. आता ठीक हाय." आणि पेंड न घेताच, पण न रागावता, निघून गेली. माझ्या छापील कागदावर वापरणाऱ्याचं मत लिहायला जागा होती. टेबलाच्या पलीकडे उभं राहणाऱ्याचं लिहायला नव्हती. मी ते समासात लिहिलं. पुण्याहून त्यावर काही उत्तर आलं नाही. झरीच्या दुकानात मात्र पडदा तेव्हापासून आडवा ठेवला गेला, दोघांनाही दिसेल असा.

आता परभणीतल्या कचेरीबद्दल सांगते. खरं तर त्याच्यासाठीच लिहायला बसले आहे.

ती कचेरी बियाणं वाटपाची होती. तिथे शिंदे हे हेडक्लार्क आणि साळवे हे लिपिक, एका मोठ्या टेबलाच्या दोन बाजूंना बरीच वर्षं बसत होते. शिंदे निवृत्तीला आलेले, गोदाकाठच्या एका खेड्यातले पाटलाच्या भावकीतले. बोलणं कमी, अक्षर मोत्यासारखं. साळवे चाळिशीच्या आतले, बौद्ध वस्तीतून शिकून वर आलेले. टंकलेखन माझ्याच वर्गात शिकले होते. मराठी टंकनात त्यांच्याइतका वेग मी पुन्हा कुणाच्या हाताला पाहिला नाही, आणि हे सांगताना मला अजून बरं वाटतं. दोघांचं एकमेकांशी वागणं व्यवस्थित होतं. भांडण नाही, थट्टा नाही. "साळवे, ते झालं का?" "झालं, साहेब." एवढंच.

प्रणालीत पडद्याच्या उजव्या कडेला एक रकाना होता, त्यात कामांची नावं, आणि प्रत्येक नावासाठी कीबोर्डवर एक कळ: नवी, उघडा, प्रत, पुसा. त्यांच्याखाली आणखी एक. फाइलचं जुनं नाव काढून नवं नाव द्यायचं असेल, तर ती कळ. पुण्याच्या मुलांनी कोश उघडला आणि त्यात सापडलेला शब्द प्रामाणिकपणे तिथे ठेवला: नामांतर.

ज्यांना तो काळ माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगते. अठ्ठ्याहत्तर साली मराठवाड्यातल्या विद्यापीठाचं नाव बदलण्याचा ठराव झाला. ते नाव दलितांना प्राणापलीकडचं होतं. ठराव झाला आणि खेड्यापाड्यांत त्यांच्या वस्त्या पेटवल्या गेल्या. माणसं मेली, कित्येक गाव सोडून गेली. ठरावाची अंमलबजावणी थांबली. मोर्चे निघत राहिले, विरोधी मोर्चेही निघत राहिले. मी सांगतेय तेव्हा एक्क्याण्णव-ब्याण्णव साल होतं आणि प्रश्न तसाच लोंबकळत होता. आमच्याकडे तो शब्द चहाच्या टपरीवरसुद्धा कोणी मोठ्याने उच्चारत नसे. उच्चारायच्या आधी आजूबाजूला कोण बसलंय ते बघत.

पहिल्या दिवशी मी दोघांना प्रणाली दाखवली. साळवे रकाना मोठ्याने वाचत खाली आले. "नवी. उघडा. प्रत. पुसा." आणि थांबले. शिंद्यांनी त्यांच्या खांद्यावरून वाचलं आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

त्याच संध्याकाळी मी पुण्याला लिहिलं, की हा शब्द इथे चालणार नाही. अनिरुद्धचं उत्तर आलं: शब्द कोशात बरोबर आहे, बदलायचा तर वापरणाऱ्यांचं मत हवं, तुमचं नाही. नियमाने तो बरोबर होता. मी दोघांनाही विचारलं, "रकान्यातल्या शब्दांबद्दल काही सांगायचंय?"

"ठीक हाय," शिंदे म्हणाले.

"ठीक हाय की," साळवे म्हणाले.

मग मी बघत बसले. त्या कचेरीत दर हंगामाला गावांच्या याद्यांची नावं बदलावी लागत. खरिपाच्या फाइलला रब्बीचं नाव, रब्बीच्याला पुन्हा खरिपाचं. गावं पुष्कळ, त्यामुळे ती कळ रोजची. साळवे ती दाबायचे तेव्हा इतर कळांपेक्षा जोरात दाबायचे. खट्ट असा आवाज यायचा. शिंदे ती दाबायचेच नाहीत. ते फाइलची प्रत करायचे, प्रतीला नवं नाव द्यायचे आणि मग जुनी फाइल पुसायचे. एका कळीच्या कामाला तीन कामं. कधी जुनी पुसायला विसरायचे, की दोन्ही तशाच राहायच्या. मला वाटलं, मला कळलं. पाटलाच्या भावकीतला माणूस, त्याला तो शब्द दाबणंसुद्धा नको आहे. साळव्यांनाही तेच वाटत होतं. त्यांनी कधी म्हटलं नाही, पण शिंद्यांची बोटं त्या कळीपाशी आली, की साळव्यांचे हात टंकता टंकता थांबायचे.

ब्याण्णवच्या जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, एका सकाळी कचेरीपुढे बियाण्यासाठी माणसांची रांग लागलेली होती. नावं पुकारायला यादी छापून हवी होती. रब्बीच्या यादीला खरिपाचं नाव द्यायला शिंद्यांनी नेहमीप्रमाणे प्रत केली. संगणकातली जागा आधीच्या न पुसलेल्या प्रतींनी भरून गेलेली होती, त्यामुळे नवी प्रत अर्धवटच उमटली. प्रणालीने तशी सूचना द्यायला हवी होती. दिलीही, पण एका क्षणापुरती, आणि शिंदे तेव्हा रांगेतल्या कुणाशी तरी बोलत होते. त्यांनी मूळ फाइल पुसली. फ्लॉपीवर ठेवलेली प्रत जुनी होती. एका अख्ख्या मंडळातल्या, म्हणजे कितीतरी गावांच्या, शेतकऱ्यांची यादी गेली.

शिंदे दोन्ही हात टेबलावर ठेवून बसले. बाहेर कुणीतरी ओरडलं, "अहो साहेब, किती वेळ?"

साळवे उठले. त्या माणसाचा आवाज मी तोवर कधी चढलेला ऐकला नव्हता.

"शिंदे साहेब, एक कळ दाबली असती तर हे झालं नसतं. साल झालं, मी बगायलोय. तीन-तीन कामं करताव, पण तिथं बोट ठेवत न्हाई. तेवढा शब्द दाबला तर तुमचं बोट इटाळतं का?"

शिपाई दारातच थबकला. मी पुठ्ठा खाली ठेवला.

शिंद्यांनी वर पाहिलं नाही. "इटाळाचं न्हाई, साळवे," ते म्हणाले. "मला त्या शब्दाकडं बगवत न्हाई."

"म्हंजी तेच की."

"तेच न्हाई. ऐका." ते थांबून थांबून बोलत होते. "अठ्ठ्याहत्तरला मी सुट्टी काढून गावी गेलतो. रातच्याला वस्तीकडून आवाज यायला लागला. अंगणातून उजेड दिसायला. घरच्यांनी म्हणलं, दार लावा. मी लावलं. माझ्याच भावकीतली पोरं व्हती त्यात. मी गेलो असतो तर दोघंचौघं तरी थांबले असते. माझं ऐकत व्हते तवा. सकाळी गेलो तर घरं नव्हती. लिंबाजी म्हणून एक व्हता तिथला. शाळेत संगं बसायचो आमी. माझ्या मायच्या हातची भाकर खायला यायचा. लेकरंबाळं घेऊन गेला कुठं तरी. कुणाला इचारायचं तोंड बी नव्हतं मला." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "रोज इथं येतो अन् ते लिवलेलं. अन् समोर तुमी."

मला वाटलं होतं, साळवे काहीतरी म्हणतील. माफ केलं किंवा नाही केलं, असं काही. त्यांनी तसं काहीच म्हटलं नाही. ते कपाटाकडे गेले, शेतकऱ्यांच्या मूळ अर्जांचा गठ्ठा काढला आणि शिंद्यांपुढे ठेवला. मग खुर्ची ओढून संगणकापुढे बसले.

"वाचा, साहेब. पहिलं नाव सांगा."

शिंदे वाचू लागले आणि साळवे टंकू लागले. मी शिपायाला घेऊन बाहेर गेले आणि रांगेला सावलीत बसवलं. पुढे पुढे दोघांची लय जमली. एकाचं नाव संपायच्या आत दुसऱ्याच्या बोटांनी ते उमटवलेलं असायचं. मी टंकलेखनाची बाई, मला अशा वेळीसुद्धा ती बोटं दिसतातच. गाव संपलं की यादी छापायची, त्या गावाची माणसं बियाणं घेऊन जायची. दिवस मावळायच्या आधी रांग संपली.

दोन-चार दिवसांनी साळवे स्वतःहून माझ्याकडे आले. "बाई, तुमचा तो कागद काढा. मत लिहून घ्या."

मी काढला.

"लिवा, की ही कळ लय हलकी हाय. बोट ठेवलं की झालं नामांतर. आमचं अजून व्हायलंय. किती माणसं गेली, किती जण तुरुंगात जाऊन आले, माझा चुलता गेला. अन् तुमच्या मशीनमधी दिवसातून धा वेळा व्हतंय. मला दरवेळी वाटतं, कोणीतरी चेष्टा करायलंय. म्हणून मी ती इतकी जोरात दाबतो. शब्द काढा तिथून. त्याला त्याच्या जागी राहू द्या."

मी तो कागद शिंद्यांपुढे ठेवला. त्यांनी सावकाश वाचला, आणि त्या मोत्यासारख्या अक्षरात खाली लिहिलं: 'साळवे म्हणतात तसंच.'

यावेळी पुण्याहून पत्र नाही आलं, अनिरुद्धच आला. नांदेडकडे जाणाऱ्या गाडीतून उतरला, सरळ कचेरीत. त्याने साळव्यांकडून सगळं पुन्हा ऐकून घेतलं. चष्मा घसरत होता, पण तो वर करायचं त्याला सुचत नव्हतं. "आमच्या हे लक्षातच आलं नाही," तो म्हणाला. "आम्ही फक्त कोश बघितला."

"कोशात बरोबरच हाय," साळवे म्हणाले. "कोशाला कोण दोष द्यायलंय?"

"मग तिथे काय लिहू?"

"नाव बदला. एवढंच. घरात लेकराचं बदलतात तसं."

अनिरुद्धची पंचाईत वेगळीच होती. रकाना एका शब्दाच्या मापाचा. दोन शब्द त्यात मावेनात. त्याने कागदावर आकृती काढून साळव्यांना समजावलं, की एक रकाना वाढवला तर सगळा पडदाच पुन्हा आखावा लागतो, आणि त्याला महिना लागेल.

साळव्यांनी आकृती नीट पाहिली. "मग रकाना मोठा करा," ते म्हणाले.

रकाना मोठा झाला. नवी फ्लॉपी आली तेव्हा मी शिंद्यांच्या खांद्यामागे बसले होते. त्यांनी एका यादीचं नाव बदललं, एका कळीत. मी काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही अडखळलंच नव्हतं.

आमची प्रणाली कधीच बाजारात आली नाही. परदेशातून चित्रांची आणि खिडक्यांची प्रणाली येऊ लागली, मोठ्या कचेऱ्यांनी ती मागवली, आणि पुण्याच्या संस्थेचा पैसा आटला. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात चारही संगणक खोक्यांत भरून टेम्पोने परत गेले. इंगळे येलदरीहून मुद्दाम फाटकापर्यंत आले. भानुदासरावांनी यंत्रावर शाल घालायची तेवढी बाकी ठेवली. मला वाईट वाटलं, आणि अजून वाटतं. चांगली होती ती. बोलायला शिकली होती, मुकाट्याने थांबायला शिकली होती, आणि ते सगळं तिला आपल्या माणसांनी शिकवलं होतं. नंतर आलेल्या प्रणाली हुशार होत्या, पण त्यांच्यासाठी परभणीत कुणी कुणाच्या पाठीमागे येऊन बसलं नाही.

मी पुन्हा टंकलेखनाच्या वर्गाकडे वळले. शिंदे निवृत्त होऊन गावी गेले. चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाला ते नाव मिळालं. जुन्या नावापुढे जोडून मिळालं, पण मिळालं. दुसऱ्या दिवशी साळवे पेढे घेऊन वर्गावर आले. मुलींनी पेढे खाल्ले, टाळ्या वाजवल्या, आणि मग ते हळूच म्हणाले, "बाई, लिंबाजीचा पत्ता लागला. नांदेडात हाय. सोयऱ्याधायऱ्यांत इचारत इचारत सालभर लागलं."

"शिंद्यांना कळवलं?"

"कळवलं. येतो म्हणले."

त्यानंतरच्या आठवड्यात मी बाजारातून येताना त्या दोघांना परभणीच्या स्टँडवर पाहिलं. नांदेडची गाडी लागत होती. साळव्यांनी खिडकीतून आपली दस्ती आत टाकून दोन जागा धरल्या, आणि शिंदे धोतर सावरत पायरी चढत होते. हातात कापडी पिशवी होती. त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं नाही, आणि मीही हाक मारली नाही.

साळवे पुढे भेटले तेव्हा मी विचारलं. ते म्हणाले, "गेलो. शिंदे साहेब उंबऱ्यातच उभे. लिंबाजीनं आधी वळखलं न्हाई. मग वळखलं. बस म्हणला. त्याच्या बायकोनं पाणी दिलं. मग लिंबाजीनंच इचारलं, माय कशी हाय म्हणून."

शिंद्यांची आई जाऊन तेव्हा बरेच दिवस झाले होते.

"साहेबांनी सांगितलं, माय गेली. तर लिंबाजी म्हणला, 'मला कोणी कळवलं न्हाई.' साहेब खाली मान घालून बसले. मग त्याच्या बायकोनं ताटं वाढली. आमी तिघं जेवलो, अन् दुपारच्या गाडीनं परत आलो."